ना धुरजड, ना उलाळ : मोटारीतील इंजिनाची जागा

बैलगाडीत माल भरणे ही एक विद्या आहे. शहापूर-मुरबाड भागात भाताचे भारे, गवताच्या पेंढ्या किंवा लाकूडफाटा गाडीत रचणारा जुना शेतकरी ती विद्या कोणत्याही पुस्तकातून शिकला नव्हता. पण ओझे पुढे जास्त झाले की गाडी धुरजड होते आणि जू बैलांच्या मानेवर बसते, हे त्याला पक्के ठाऊक होते. ओझे मागे जास्त झाले की गाडी उलाळ होते, चढावर जू मानेवरून वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्यातील पट्टे आवळतात, हेही त्याला ठाऊक होते. म्हणून गाडी भरता भरता तो मधूनच जू हाताने उचलून अंदाज घेई, आणि एखादा भारा पुढचा मागे किंवा मागचा पुढे सरकवी. एकूण वजन तेच राही. बदले ती फक्त त्याची जागा. पण तेवढ्याने बैलांचा त्रास आणि गाडीचा स्वभाव ही दोन्ही पालटत.

धुरजड आणि उलाळ हे दोन शब्द आपल्या भाषेने फार जुन्या काळापासून जपले आहेत. आज बैलगाड्या विरळ झाल्या, पण शब्द निरुपयोगी झालेले नाहीत. मोटारीच्या शास्त्रातील एक मोठा आणि शंभर वर्षांहून अधिक काळ चाललेला वाद याच दोन शब्दांत मांडता येतो. तो वाद असा : मोटारीचे इंजिन पुढे असावे, मागे असावे, की मध्ये?

हा वाद अलीकडे पुन्हा चर्चेत आला तो एका अमेरिकन मोटारीमुळे. शेव्हरोले कंपनीची कॉर्व्हेट ही शर्यतीच्या धर्तीची दोन माणसांची मोटार 1953 साली जन्माला आली. लांबलचक नाक, त्या नाकाखाली इंजिन आणि मागे रेलून बसलेला चालक, हीच तिची ओळख. 18 जुलै 2019 रोजी कंपनीने तिचा आठवा अवतार लोकांपुढे आणला, तेव्हा नाकाखाली इंजिन नव्हते. ते चालकाच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या थोडे पुढे जाऊन बसले होते. फेब्रुवारी 2020 मध्ये केंटकी राज्यातील बोलिंग ग्रीनच्या कारखान्यात या मोटारी तयार होऊ लागल्या, आणि सदुसष्ट वर्षांची परंपरा मोडली.

कोणी विचारील, अमेरिकेतील एका महागड्या मोटारीचे इंजिन पुढचे मागे गेले, तर तानशाच्या किंवा मुरबाडच्या माणसाला त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. पण ज्या नियमापुढे त्या बलाढ्य कंपनीला अखेर मान तुकवावी लागली, तोच नियम आसनगाव स्टेशनाबाहेर उभ्या असलेल्या रिक्षालाही लागू आहे. तेथे मात्र तो मोडल्याची किंमत डॉलरमध्ये मोजता येत नाही. म्हणून तो नियम नीट समजून घेऊ.

प्रथम थोडा इतिहास पाहू. जर्मनीत कार्ल बेन्झ याने 29 जानेवारी 1886 रोजी ज्या गाडीच्या हक्कपत्रासाठी अर्ज केला, ती पहिली मोटार मानली जाते. गमतीची गोष्ट अशी की ती तीन चाकांची होती आणि तिचे इंजिन मागे होते. म्हणजे मोटारीची मूळ आजी आपल्या रिक्षाच्याच घाटाची! पुढे 1891 च्या सुमारास फ्रान्समधील पानार-लव्हासॉर या कारखान्याने इंजिन पुढे, बसणारे मध्ये आणि फिरणारी चाके मागे, अशी मांडणी केली. तीच जगाने उचलली. याला कारणे होती. पुढे असलेल्या इंजिनाला समोरचा वारा थेट लागतो, त्यामुळे ते थंड ठेवणे सोपे. बिघाड झाला तर झाकण उघडले की हात पोचतो. मागे माणसांना आणि सामानाला मोकळी जागा मिळते. शिवाय घोडा नेहमी पुढेच असतो, ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवयही होतीच. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होणारी आपली फियाट याच वळणाची होती. 1983 साली आलेल्या मारुतीने इंजिन पुढेच ठेवले आणि ओढण्याचे कामही पुढच्याच चाकांना दिले. तेथे मागच्या चाकांनी नुसते पाठीमागे यायचे.

आता या मांडणीचा हिशेब पाहू. प्रत्येक वस्तूचा एक गुरुत्वमध्य असतो, म्हणजे तिचे सारे वजन जणू एकवटले आहे असे समजावयाचे ठिकाण. तो पुढच्या चाकांजवळ असला तर पुढच्या चाकांवर भार अधिक, मागच्या चाकांजवळ असला तर मागच्यांवर अधिक. गाडी उभी असताना एवढेच. पण ती धावू लागली की भार जागचा हलतो. एस. टी. सुटताना आपण मागे रेलतो आणि ब्रेक लागताच पुढे झुकतो. गाडीचे वजनही तसेच करते. निघताना ते मागच्या चाकांवर जाते, थांबताना पुढच्या चाकांवर येते.

सोपे आकडे घेऊ. समजा, मोटारीचे वजन 1000 किलो आहे, पुढच्या आणि मागच्या चाकांतील अंतर अडीच मीटर आहे आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच आहे. इंजिन पुढे असल्यामुळे 600 किलो पुढच्या चाकांवर आणि 400 किलो मागच्या चाकांवर आहेत. ही आपली धुरजड गाडी. चालकाने अगदी जोराचा ब्रेक दाबला, म्हणजे ब्रेकचा रोध गाडीच्या वजनाइतका झाला, तर सुमारे 200 किलो भार मागून पुढे सरकतो. पुढे 800 झाले, मागे 200 उरले. पुढची चाके बिचारी सगळे काम करतात आणि मागची जवळजवळ अधांतरी राहतात. उलट, मागच्या चाकांनी ढकलून गाडीला जोराने वेग द्यावयाचा असेल, तर समजा 100 किलो मागे सरकतात. तरी मागच्या चाकांवर 500 च येतात. रस्त्याला चिकटण्याची चाकाची शक्ती त्याच्यावरील भारावर अवलंबून असते. भार कमी आणि इंजिनाचा जोर जास्त असेल, तर चाक गरगर फिरते आणि गाडी पुढे जात नाही. चिखलात रुतलेले चाक आपण पाहिलेले असतेच.

मग इंजिन अगदी मागे टाकावे काय? हाही प्रयोग झाला. जर्मनीची फोक्सवॅगन आणि 1964 पासून विकली जाणारी पोर्शे 911 ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे. पण मागच्या चाकांच्याही मागे इंजिन लटकवले की गाडी उलाळ होते. वळणावर तिची शेपटी बाहेर जाऊ पाहते. गोफणीतला दगड जसा टोकाशी असल्यामुळे जोराने फिरतो, तसे मागचे वजन एकदा भरकटले की आवरत नाही. शेव्हरोलेनेच 1960 साली कॉर्व्हेअर नावाची मागच्या इंजिनाची मोटार काढली. तिच्या मागच्या चाकांची जोडणीही अशी होती की जोराच्या वळणावर चाक आत वळून गाडी बेभरवशाची होई. 1965 साली राल्फ नेडर याने मोटारींच्या असुरक्षिततेवर पुस्तक लिहिले. त्याचे पहिलेच प्रकरण या मोटारीवर होते. अमेरिकेत वाहनसुरक्षेचे कायदे होण्यास त्या चळवळीचा मोठा हातभार लागला. पोर्शेने मात्र पन्नासांहून अधिक वर्षे खपून आपल्या उलाळ गाडीला शिस्त लावली. याचा अर्थ असा की उलाळपणा असाध्य नाही, पण तो फुकट सुटत नाही.

राहिली मधली जागा. मध्ये म्हणजे अगदी बरोबर मध्यावर नव्हे. तेथे माणूस बसतो. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या दरम्यान, पण माणसाच्या पाठीशी, असा तिचा अर्थ. या मांडणीचा विजय शर्यतीच्या मैदानावर झाला. इंग्लंडमध्ये चार्ल्स आणि जॉन कूपर हे पितापुत्र लहानशा शर्यतीच्या गाड्या बनवीत. ते मोटारसायकलचे इंजिन वापरीत, आणि साखळीने मागची चाके फिरवणे सोयीचे म्हणून ते इंजिन चालकाच्या मागे बसवीत. सोयीसाठी केलेली ही युक्ती शास्त्रालाही मानवली. 1959 आणि 1960 या दोन्ही वर्षी जॅक ब्रॅबहॅम कूपरच्या गाडीवर जगज्जेता झाला. इटलीच्या एन्झो फेरारीला हे पटत नव्हते. बैल गाडीच्या पुढे असतात, मागे नाही, अशा अर्थाचे त्याचे बोलणे सांगितले जाते. पण मैदान कोणाची भीड धरीत नाही. 1961 साली फेरारीचा फिल हिल जगज्जेता झाला, तेव्हा त्याच्याही गाडीचे इंजिन पाठीमागेच होते.

मध्ये इंजिन असण्याचा फायदा नेमका कोणता? वरचे आकडे उलटे करून पाहा. पुढे 400, मागे 600. जोराचा ब्रेक लागला, 200 पुढे सरकले, तर पुढे 600 आणि मागे 400. चारही चाके कामाला लागली. जोराने निघताना 100 मागे गेले, तर ढकलणाऱ्या चाकांवर 700. पण हा झाला पहिला फायदा. दुसरा अधिक सूक्ष्म आहे, आणि तो समजण्यास आपल्याकडची कावड फार उपयोगी आहे.

खांद्यावर कावड घेऊन चालणारा माणूस पाहा. दोन टोकांना दोन सारखी ओझी आहेत, तोल अगदी बरोबर साधलेला आहे. सरळ वाटेने तो झपझप जातो. पण त्याला एकदम वळावयाचे झाले तर? टोकांची ओझी आपल्या जागी राहू पाहतात. तो वळण सुरू करतो तेव्हा कावड मागे राहते, आणि तो थांबतो तेव्हा कावड आणखी पुढे फिरते. तेवढेच पाणी एका हंड्यात घालून डोक्यावर घेतलेली बाई मात्र पायवाटेवर सहज गर्रकन वळते. तोल दोघांचाही आहे. फरक एवढाच की एकाचे वजन दूर आहे, दुसरीचे अंगाच्या रेषेत आहे. वजन जितके मध्यापासून दूर, तितके वस्तूला फिरवणे जड आणि फिरू लागलेली वस्तू थांबवणेही जड. हे जडत्व अंतराच्या वर्गाने वाढते; अंतर दुप्पट झाले तर चौपट.

कॉर्व्हेटची कथा येथे जुळते. 1997 साली आलेल्या पाचव्या अवतारापासून तिचे कर्ते कावडीचा उपाय करीत होते. इंजिन पुढे ठेवून गिअरची पेटी त्यांनी मागच्या चाकांपाशी नेली, आणि वजन पुढेमागे जवळजवळ निम्मेनिम्मे वाटले. तोल साधला, पण ओझी टोकांनाच राहिली. शिवाय इंजिनाची शक्ती वाढतच गेली. 2019 च्या सर्वांत जोरदार कॉर्व्हेटला 755 अश्वशक्तीचे इंजिन होते. एवढी शक्ती मागच्या दोन चाकांना रस्त्यावर उतरवता येईना. इंजिन आणखी मोठे करून उपयोग नव्हता. जागा बदलण्यावाचून मार्ग उरला नव्हता.

आणि तरीही हा मार्ग कोणाला सुचलाच नव्हता, असे नाही. झोरा आर्कस-डन्टॉव्ह हा अभियंता 1953 साली कंपनीत आला. ब्रसेल्समध्ये जन्मलेला, रशियात वाढलेला आणि बर्लिनमध्ये शिकलेला हा माणूस पुढे कॉर्व्हेटचा पिताच समजला गेला. मध्ये इंजिन असलेली प्रायोगिक गाडी त्याने 1960 सालीच तयार केली. 1964 साली दुसरी केली. 1970 च्या न्यूयॉर्क प्रदर्शनात तशा आणखी एका गाडीचा नमुना लोकांनी पाहिला. पण कंपनीचा व्यवहारी प्रश्न असा होता : जी मोटार आहे तशीच खपते आहे, ती बदलण्यासाठी एवढा पैसा का ओतावा? डन्टॉव्ह 1975 साली निवृत्त झाला आणि 1996 साली वारला. त्याची कल्पना रस्त्यावर आली ती त्याच्यामागे चोवीस वर्षांनी. शास्त्रात खरे काय ते लवकर कळते. कारखान्याला ते पटण्यास वेळ लागतो, कारण तेथे शास्त्राशेजारी हिशेबाची वही उघडी असते.

बदल झाला तेव्हा काय मिळाले आणि काय गेले, तेही पाहू. नव्या मोटारीचे सुमारे चाळीस टक्के वजन पुढे आणि साठ टक्के मागे आले. तिचे 6.2 लिटरचे आठ नळकांड्यांचे इंजिन सुमारे 490 अश्वशक्तीचे, म्हणजे 2019 च्या त्या जोरदार गाडीच्या मानाने बरेच कमी शक्तीचे. तरी योग्य साजासह ती उभ्या जागेवरून ताशी 96 किलोमीटरचा वेग सुमारे तीन सेकंदांत गाठते. सुरुवातीची किंमत साठ हजार डॉलरच्या किंचित आत ठेवली होती, हेही विशेष. कारण मधल्या इंजिनाच्या एवढ्या जोरदार मोटारी तोवर बहुधा श्रीमंतांसाठीच असत. पण लांब नाक गेले. हाताने गिअर टाकण्याचा दांडा गेला. तेथे आपोआप गिअर बदलणारी आठ गतींची पेटी आली. इंजिन पाठीशी आले म्हणून त्याची उष्णता आणि आवाज अडवण्याचा नवा खर्च आला, आणि दुरुस्तीला हात पोचणे अवघड झाले. जुन्या चाहत्यांपैकी कित्येकांना ही कॉर्व्हेटच वाटेना. वजनाची जागा बदलली की तोट्यांचीही जागा बदलते. ते नाहीसे होत नाहीत.

आता आपल्या घराकडे वळू. इंजिनाची जागा बदलण्याचा प्रयोग महाराष्ट्रात कॉर्व्हेटच्या कितीतरी आधी झाला, आणि तो श्रीमंतांच्या मोटारीवर नव्हे, तर रिक्षावर. बजाज कंपनीच्या जुन्या रिक्षाचे इंजिन पुढच्या भागात, चालकाच्या बैठकीपाशी असे. 1977 साली कंपनीने मागे इंजिन असलेली रिक्षा बाजारात आणली. इंजिन प्रवाशांच्या बैठकीखाली गेले. त्याचा गाजावाजा फारसा झाला नाही. पण आज तालुक्याच्या गावांतून माणसे वाहून नेणाऱ्या बहुसंख्य रिक्षा याच घाटाच्या आहेत.

पुण्यात टाटांच्या अभियंत्यांनी गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली नॅनो घडवली. ती 10 जानेवारी 2008 रोजी दिल्लीच्या प्रदर्शनात लोकांनी प्रथम पाहिली. तिचे 624 घनसेंटिमीटरचे दोन नळकांड्यांचे इंजिन मागच्या बैठकीखाली होते. सुमारे 3.1 मीटर लांबीत चार माणसे बसवावयाची, तर पुढे इंजिनाला जागा देणे परवडणारे नव्हते. इंजिन आणि फिरणारी चाके दोन्ही मागे ठेवल्यामुळे त्यांना जोडणारा लांब दांडाही वाचला. पण ती उलाळ होऊ नये म्हणून काय केले, ते जाणण्यासारखे आहे : तिचे मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद होते, पुढे 135 मिलिमीटर आणि मागे 155. जिकडे भार, तिकडे पकड. नॅनोचे उत्पादन 2018 मध्ये थांबले. तिच्या अपयशाची कारणे बाजारातील होती. वजनाचा हिशेब मात्र चोख होता. खास मधल्या इंजिनाची मोटारही आपल्याकडे झाली. दिलीप छाब्रिया यांची अवंती 2012 साली दिल्लीच्या प्रदर्शनात आली आणि नंतर थोड्या संख्येने विकलीही गेली. टाटांची रेसमो 2017 साली जिनिव्हात झळकली, पण विक्रीपर्यंत पोचली नाही. मुंबई-पुणे मार्गावरील शिवनेरीच्या व्होल्वो गाडीत बसणाऱ्याला इंजिनाची घरघर फारशी ऐकू येत नाही, त्याचेही एक कारण हेच, की तेथे इंजिन पार मागे आहे.

आता विजेच्या मोटारी आल्या आहेत. त्यांत जड वस्तू इंजिन नव्हे, बॅटरी. आणि ती बहुधा मजल्याखाली सपाट पसरलेली असते. त्यामुळे वजन पुढे की मागे, हा प्रश्न पुष्कळसा निवला आणि गुरुत्वमध्यही खाली आला. 2023 साली कॉर्व्हेटचाच एक प्रकार असा निघाला, की त्यात पेट्रोलचे इंजिन मध्येच आहे, पण पुढच्या चाकांना मदत म्हणून विजेची मोटर पुन्हा नाकाखाली आली. वाद मिटत नाही, तो रूप बदलतो.

पण आपल्याला सर्वांत जवळची गोष्ट तीन चाकांचीच आहे, आणि ती सांगण्यासाठीच हा सगळा खटाटोप. चार चाकांच्या गाडीचा पाया चौकोनी. रिक्षाचा पाया त्रिकोणी. त्रिकोणाचे टोक पुढे आहे, रुंदी मागे आहे. वळणावर गाडी कलंडते की नाही, हे गुरुत्वमध्य किती उंच आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पाया किती रुंद आहे, यावर ठरते. म्हणून रिक्षाचे वजन जितके मागे, तितका तिचा पाय रुंद. 1977 च्या बदलाने इंजिनाचे ओझे त्रिकोणाच्या रुंद बाजूला गेले, हा स्थिरतेच्या दृष्टीने फायदाच झाला. ढकलणारी चाकेही तीच असल्याने चढावर पकड वाढली.

आणि आपण काय करतो? परवाना तीन प्रवाशांचा. पण स्टेशनावरून गावाकडे जाणारी शेवटची रिक्षा असली की मागे चार बसतात आणि चालकाच्या दोन बाजूंना दोघे अर्धे बाहेर लटकतात. पुन्हा हिशेब करू. समजा, चालक आणि तीन प्रवासी धरून रिक्षाचे वजन 600 किलो आहे, पुढच्या चाकापासून मागच्या चाकांपर्यंत दोन मीटर अंतर आहे, आणि गुरुत्वमध्य पुढच्या चाकापासून 1.4 मीटरवर आहे. आता 60 किलोची दोन माणसे चालकाशेजारी, पुढच्या चाकापासून 0.4 मीटरवर बसली. एकूण वजन 720 झाले आणि गुरुत्वमध्य सरकून सुमारे 1.23 मीटरवर आला. त्रिकोणाच्या त्या ठिकाणी पायाची रुंदी पूर्वीच्या मानाने सुमारे एक अष्टमांश कमी. गुरुत्वमध्य उंच झाला असेल तर ते नुकसान वेगळे. ब्रेक दाबला की वजन आणखी पुढे, म्हणजे आणखी अरुंद भागाकडे जाते. म्हणून उतारावर, वळणावर आणि ब्रेक मारताना या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की भरलेली रिक्षा कलंडते. लोक म्हणतात, चालकाचा ताबा सुटला. अनेकदा ताबा चालकाचा सुटण्याआधी गुरुत्वमध्याचा सुटलेला असतो.

यात चालकाला एकट्याला दोष देऊन भागणार नाही. रात्रीची शेवटची लोकल उतरल्यावर घरी जाण्यास दुसरे वाहन नसते, म्हणून माणूस दांडीला धरून बसतो; आणि तीन माणसांच्या भाड्यात पेट्रोल व हप्ता भागत नाही, म्हणून चालक त्याला बसवतो. वेळेवर सुटणारी एस. टी. आणि पुरेशी वाहने हा त्याचा खरा उपाय आहे, आणि तो मागण्याचा नागरिकांना अधिकार आहे. पण तो मिळेपर्यंत निदान एवढे तरी करता येईल : जादा माणूस आणि जड पोते चालकाच्या शेजारी घेऊ नये, सामान बैठकीच्या तळाशी, मागच्या चाकांजवळ ठेवावे, टपावर रचू नये, आणि कसाऱ्याच्या किंवा माळशेजच्या घाटात वळण दिसण्याआधीच वेग कमी करावा, वळणात शिरल्यावर नव्हे.

कॉर्व्हेटच्या कर्त्यांपाशी पैसा होता, प्रयोगशाळा होत्या आणि साठ वर्षे वाट पाहण्याची ऐपत होती. चूक झालीच, तर एखादी शर्यत हरली असती. रिक्षात बसलेल्या सहा-सात जणांना तशी सवड नाही. त्यांच्या गाडीतील ओझ्याची जागा दररोज, प्रत्येक फेरीला नव्याने ठरते, आणि ती ठरवणारे अभियंते तेच असतात : गाडी भरणारा चालक आणि तीत चढणारा प्रवासी.